देत नाहीत, पण कोण?

‘सारी गेलिन’ हे पूर्व तुर्कस्तानातल्या एर्झुरुम शहराचे लोकगीत मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा तुर्की शिकायला लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते, तरीही पहिल्याच कडव्याला माझे कान टवकारले. एर्झुरुमच्या ‘पाझार’मध्ये एक मुलगी फिरते आहे, तिच्या हातात ‘दिवित’ आणि ‘कालेम’ आहे, आणि ती माझ्या ‘कात्ल’चे ‘फेर्मान’ लिहिते आहे, असे तो प्रियकर सांगतो. बाजार, दौत, कलम, कत्तल, फर्मान हे आपल्या बखरींतले शब्द तिकडे असे विरहाच्या कामी आलेले पाहून मी त्या रात्री ते गाणे कितीदा ऐकले, याची गणती नाही.

खरा घाव मात्र या गाण्याच्या अझरबैजानी रूपात आहे. ‘सेनी मेने वेर्मेझ्लेर’, म्हणजे तुला मला देत नाहीत. कोण देत नाहीत, ते गाणे सांगत नाही. क्रियापदाच्या शेवटच्या ‘लेर’ या अनेकवचनी प्रत्ययात बाप, भाऊ, गाव आणि धर्म असे सगळे दडून बसतात. मुलगा मुसलमान आणि मुलगी ख्रिस्ती, अशी या गाण्यामागची कथा बहुधा सांगितली जाते. ‘गेलिन’ म्हणजे नवरी. तुर्कीत ‘सारी’ म्हणजे पिवळी, सोनेरी केसांची, तर आर्मेनियनमध्ये त्याच उच्चाराचा अर्थ ‘डोंगराची’ असा होतो, आणि तुर्क, आर्मेनियन, अझरबैजानी हे तिघेही गाणे आपलेच मानतात. त्या वादात मला रस नाही. तिघांच्याही काळजाला ते भिडते, इतका तो नकार त्या मुलखात ओळखीचा आहे, हे मला मोठे वाटते.

पुढे हा ‘लेर’ मला पुन्हा भेटला. मेंदीच्या रात्री नवरीला रडवणारे ‘युक्सेक युक्सेक तेपेलेरे’ हे गाणे, मुली दूरदेशी देऊ नयेत, अशी विनवणी करते आणि आईची आठवण येते हे उडत्या पाखरांना कळू दे म्हणते. पण देणारे कोण, ते तिथेही उघड होत नाही. तुर्की कवी अब्दुर्रहीम काराकोच (१९३२-२०१२) यांच्या ‘मिहरिबान’मध्ये, ज्या कवितेला लोकगायक मुसा एरोलू यांनी चाल लावली, कवीचे वेडे मन प्रेयसीच्या सोनेरी केसांना बांधले गेले आहे, आणि ती गाठ काही सुटत नाही; विरह तिथेही तोच आहे. प्रियेचे नाव काढताच हातातली लेखणी गळून पडते, दिव्यातली थरथरती ज्योतसुद्धा गारठते.

या गाण्यांना रडकी म्हणणाऱ्यांशी माझे मुळीच पटत नाही. नकार घरात कसा येतो, हे ती अचूक जाणतात. ‘आपल्यात त्यांच्याकडे मुली देत नाहीत’, हे वाक्य मी माझ्या मावशीच्या बाबतीत लहानपणी स्वयंपाकघरात ऐकले आहे. बोलणारी आजी भाकरी थापत होती, तिचा हात थांबला नाही, आणि निर्णय कोणाचा, हे मावशीला आजवर कोणी सांगितलेले नाही. त्या ओळीचा मराठी अनुवाद करताना मला म्हणूनच कर्ता शोधावा लागला नाही. ‘तुला मला देत नाहीत’ एवढेच लिहिले आणि ते मावशीला वाचून दाखवले.