प्रकाशन करा, पुस्तक उघडू नका

अभिनंदन! तुमचं पुस्तक छापून आलं. छपाईचे पैसे तुम्हीच भरलेत, पण ते आता तोंडातून काढायचं नाही. 'प्रकाशकांनी माझ्यासारख्या नवोदितावर विश्वास टाकला' हे वाक्य पाठ करून ठेवा, पुढे लागेल. पुस्तक लिहिणं हा तुमचा खासगी मामला होता, तो तुम्ही कसाबसा निभावलात. प्रकाशन समारंभ हे मात्र चारचौघांतलं कार्य, आणि तिथे नवखे लेखक एका गैरसमजापायी तोंडघशी पडतात. त्यांना वाटतं, कार्यक्रम पुस्तकाचा आहे.

तो डोक्यातून काढून टाका. बारशाला जसं बाळ गुपचूप झोपलेलं बरं, तसं प्रकाशनाला पुस्तक कागदात गुंडाळलेलं बरं. बाकीचं सगळं मोठी माणसं बघून घेतात.

आधी सभागृह. पुण्यात असाल तर टिळक रस्त्यावर साहित्य परिषदेचं माधवराव पटवर्धन सभागृह आहे, नवी पेठेत पत्रकार भवन आहे, एस. एम. जोशी सभागृह आहे. ठाण्यात असाल तर १८९३ साली स्थापन झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, म्हणजे भाषणात 'या ऐतिहासिक वास्तूत' म्हणायची सोय झाली. खुर्च्या मात्र मोजून घ्या. तीनशे खुर्च्यांत साठ माणसं बसली की शोकसभा वाटते. तीच साठ माणसं साठ खुर्च्यांत बसली की दुसऱ्या दिवशी 'सभागृह तुडुंब भरले होते' असं छापून येतं. तारीख धरताना २७ फेब्रुवारी टाळा. कुसुमाग्रजांच्या जयंतीला मराठी भाषेचा इतका गौरव चालू असतो की मराठी पुस्तकाला सभागृह मिळत नाही. भारताचा सामना असेल तो दिवसही टाळा, याला कारण द्यायला नको.

निमंत्रणपत्रिका हे मात्र तुमच्या पुस्तकाहून नाजूक लेखन आहे. पुस्तकातल्या चुका कुणी काढणार नाही, पत्रिकेतल्या काढल्याशिवाय कुणी राहणार नाही. 'अध्यक्ष', 'प्रमुख पाहुणे', 'शुभहस्ते', 'विशेष उपस्थिती' आणि 'सन्माननीय उपस्थिती' अशा पाच जागा मुळात का असतात, हे तुम्हाला आजवर कळलं नसेल. पाच माणसांचा मान राखायचा असतो म्हणून. अध्यक्ष वयाने ज्येष्ठ हवेत, प्रमुख पाहुणे पदाने. दोघांची नावं एकाच आकाराच्या अक्षरांत, एकाच ओळीत हवीत. आणि तरी त्यांतला एक जण फोन करून 'काही नाही, सहज विचारलं, माझं नाव डावीकडे कसं?' असं विचारणार. पुस्तकाचं नाव पत्रिकेवर कुठेतरी घालायला विसरू नका. मुखपृष्ठाचा फोटो चिकटवला की तेवढं पुरतं.

पाहुणा कसा निवडायचा? पुस्तकाच्या विषयाचा जाणकार चुकूनही बोलावू नका. तो वाचून येतो. एकदा का माणूस वाचून आला की पान क्रमांक सांगतो, 'इथे लेखकाची पकड सुटली आहे' म्हणतो, आणि समोर तुमचे सासरे बसलेले असतात. त्यापेक्षा निवृत्त सनदी अधिकारी घ्या, माजी कुलगुरू घ्या, मालिकेत सासऱ्याचं काम करणारा नट घ्या. यांतला कुणीही नाही म्हणणार नाही, ती भीती बाळगू नका. नाही म्हणण्याची रीत आपल्याकडे फार जुनी झाली. १८८५ साली जोतीराव फुल्यांना ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण गेलं, तर त्यांनी 'येत नाही' म्हणून कळवलं आणि का येत नाही तेही खडसावून लिहिलं. ते पत्र लोक अजून वाचतात. त्या सभेत जी भाषणं झाली ती मात्र कुणी वाचताना दिसत नाही. आपल्याला असला धोका पत्करायचा नाही. आपले पाहुणे येतात, फक्त गाडी पाठवावी लागते.

आता समारंभाचा दिवस. सहाचा कार्यक्रम असेल तर पुण्यात साडेपाचलाच दहा-बारा मंडळी हजर असतात. ती तुमच्या ओळखीची नसतात आणि प्रकाशकांच्याही नसतात. ती रोजची असतात. काल दुसऱ्या पुस्तकाला होती, उद्या तिसऱ्याला असतील. त्यांचा मान ठेवा, कारण टाळ्या कुठे वाजवायच्या हे सभागृहात फक्त त्यांनाच ठाऊक असतं. मात्र बटाटेवडा आधी देऊ नका. पत्रिकेवर 'कार्यक्रमानंतर अल्पोपाहार' असं स्वच्छ छापा. आजवर साहित्यप्रेमाने जितकी माणसं शेवटपर्यंत बसवून ठेवली, त्याहून जास्त या एका ओळीने बसवली आहेत.

दीपप्रज्वलनाला पंखा चालू असतो. तो बंद करायचं बटण कुठे आहे हे फक्त शिपायाला माहीत असतं आणि शिपाई खाली चहा घेत असतो. तोवर पाचही मान्यवर एका मेणबत्तीभोवती तळहातांची ओंजळ धरून उभे राहतात. एक वात लागते, दुसरी विझते, आणि सूत्रसंचालिका या मोकळ्या वेळात तिमिरातून तेजाकडे जाणाऱ्या चार चारोळ्या म्हणून घेते. मग परिचय. पाहुण्यांचा परिचय त्यांनीच आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर पीडीएफ करून पाठवलेला असतो. तो छाटू नका. 'अनेक समित्यांवर कार्यरत' असं म्हणून उरकायला जाल, तर पाहुणे स्वतःच्या भाषणात त्या समित्या एकेक करून सांगतील.

आणि मग तो क्षण. भाची किंवा पुतणी तबक घेऊन येते. तबकात पाच पुडकी, सोनेरी कागद, वर जांभळी रेशमी फीत. इथे लेखकाने जातीने लक्ष घालावं. फीत एका झटक्यात सुटेल अशी सुरगाठ मारा आणि कागदाला चिकटपट्टी एकाच जागी लावा. दुकानातल्या मुलाने हौसेने चारही बाजूंनी चिकटपट्टी मारलेली असते, आणि व्यासपीठावर माजी कुलगुरू नखाने तिचं टोक शोधत बसतात. चौघांची पुस्तकं बाहेर येतात, पाचव्यांचा कागद फाटतो पण पुस्तक येत नाही. ते हसत हसत दाताकडे नेतात. छायाचित्रकार 'सर, थांबा, थांबा, सगळे एकदम' म्हणतो. अखेर पाचही पुस्तकं छातीशी येतात, त्यांतलं एक उलटं. म्हणून सांगतो, मुखपृष्ठावर अमूर्त चित्र घ्या. कसंही धरलं तरी खपून जातं.

फोटो झाला की पुस्तकाचं काम संपलं. इथून पुढे ते मान्यवरांच्या खुर्चीखाली, नारळाच्या शेजारी.

आता भाषण. पाहुणे उठतील आणि म्हणतील, 'पुस्तक मला कालच मिळालं. गाडीत येताना चाळलं.' दचकू नका. खरं म्हणजे त्यांना ते तीन आठवड्यांपूर्वी मिळालं होतं आणि गाडीत ते झोपले होते. पण चाळलं म्हणणं हा सभ्यपणा आहे, आणि 'लेखकाची भाषा ओघवती आहे' हे कोणत्याही पुस्तकाबद्दल म्हणता येतं. हवं तर पाठराखणीत, म्हणजे मागच्या मुखपृष्ठावरच्या मजकुरात, तीन-चार ठळक वाक्यं टाकून ठेवा, भाषणात तीच येतील आणि लोकांना वाटेल, केवढा अभ्यास! त्यानंतर पाहुणे मोबाइलवर घसरतील. तिथून इंग्रजी शाळांवर येतील, तिथून स्वतःच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींवर, आणि गुरुजींवरून अभिजात दर्जावर. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला तो दिला तेव्हापासून भाषणांची मोठी सोय झाली आहे. पूर्वी वीस मिनिटांत विषय आटपायचा, आता पस्तीस मिनिटं निघतात. अध्यक्ष 'माझ्या आधीच्या वक्त्यांनी सगळं सांगितलंच आहे' असं म्हणतील आणि ते सगळं पुन्हा सांगतील.

या सगळ्यात एखादा उत्साही मित्र सुचवेल, 'पुस्तकातली दोन पानं वाचूया की!' त्याला वेळीच आवरा. ही खोड आपल्याकडे पूर्वी होती. वसंत बापट, विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर गावोगाव हिंडून आपल्या कविता स्वतः म्हणत. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर कथाकथनाला उभे राहिले की माणसं गोष्ट ऐकायला गर्दी करत. म्हणजे विचार करा, पाहुणा कोण, अध्यक्ष कोण, याच्याशी कुणाला काही देणंघेणं नाही. लेखक समोर उभा आणि त्याचा मजकूर लोकांच्या कानावर पडतोय! त्यात मजकूर चांगला नसला तर लपायला जागा नाही. शाल नाही, श्रीफळ नाही, ध्वनिक्षेपक बिघडल्याचं निमित्तही नाही. इतकी उघडी परीक्षा आजच्या लेखकाला परवडणार नाही. वाचन टाळताच आलं नाही तर 'अभिवाचन' ठेवा. एक उतारा, शक्यतो पावसाचा, नाट्यशिक्षण घेतलेल्या भाचीकडून वाचून घ्या आणि मागे बासरी लावा. बासरी जरा मोठ्याने.

तुमचं मनोगत शेवटी. सभागृह साडेआठला रिकामं करायचं असतं आणि तुम्हाला माइक मिळतो सव्वाआठला. मागे शिपाई किल्ल्या वाजवत उभा असतो, त्याने दोन पंखे बंद केलेले असतात. तेव्हा तयार केलेल्या अकरा पानांपैकी आभाराचं पान तेवढं वाचा. पत्नीबद्दल 'तिने कधी तक्रार केली नाही' म्हणायचंच, टाळ्या हमखास. ती तेव्हा मागच्या टेबलाशी वड्यांच्या प्लेटा मोजत असते, तिला ऐकू येत नाही. त्याच श्वासात 'या पुस्तकाला आयएसबीएन मिळाला आहे' हेही जाहीर करा. भारतात पुस्तकाच्या ओळखीचा तो तेरा आकडी क्रमांक अर्ज केला की फुकट मिळतो, पण हे समोर बसलेल्यांतल्या कितीजणांना माहीत आहे? पदक मिळाल्यासारखे लोक माना डोलावतात.

विक्रीच्या टेबलावर 'आज विशेष सवलत' अशी पाटी ठेवा. लोक येतील, पुस्तक हातात घेतील, उलटं करून किंमत बघतील, परत ठेवतील आणि 'आमच्या वाचनालयात येईलच ना?' असं प्रेमाने विचारतील. नातेवाइकांना किंमत विचारायचीही गरज वाटत नाही. घरच्या पुस्तकाला कसले पैसे? सही मागितली तर द्या, पण 'सप्रेम भेट' लिहून वर नाव घालू नका. जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात पुढेमागे आपलीच प्रत आपल्याला भेटते, आणि तिच्यावर कुणाचं नाव आहे हे वाचलं की पुढच्या लग्नकार्यात त्या माणसाशी बोलणं जड जातं.

बातमीची काळजी नको. ती कार्यक्रमाआधीच लिहून द्या. 'वाचनाने माणूस समृद्ध होतो' असा मथळा, खाली पाहुण्यांचं नाव. पाहुण्यांनी तसं म्हटलं नाही असं होणं शक्य नाही. तुमचं नाव तिसऱ्या परिच्छेदात येईल आणि पुस्तकाच्या नावात एक अक्षर चुकेल, तेवढं सोसा.

समारंभानंतर उरलेल्या प्रतींचा प्रश्न येतो. पाचशे छापल्या, त्यातल्या दिवाणाखाली किती मावतात हे आधी मोजून ठेवलेलं बरं. यातून चार प्रतींची सोय सरकारने करून ठेवली आहे. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाची एकेक प्रत तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या आणखी तीन ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. प्रकाशकांना विचारा, पाठवली का? ते आधी तुमच्याकडे आणि मग छताकडे बघतील. तेव्हा टपालखर्च तुम्हीच द्या. मग 'माझं पुस्तक कोलकात्यापर्यंत पोहोचलं आहे' हे तुम्हाला छातीठोकपणे सांगता येईल आणि त्यात तसूभरही खोटं नसेल. बाकीच्या प्रती पुरस्कारांना पाठवा. पुरस्कारवाले दोन-दोन, तीन-तीन मागतात, शिवाय वर प्रवेशशुल्कही घेतात, म्हणजे दिवाण लवकर मोकळा होतो.

आता एवढं सगळं नीट पार पाडूनही एक संकट येऊ शकतं, त्याची आगाऊ कल्पना देतो. दोन-तीन महिन्यांनी एखाद्या दुपारी अनोळखी क्रमांकावरून फोन येईल. तालुक्याच्या गावचा कुणी निवृत्त शिक्षक असेल, नाहीतर वाचनालयात काम करणारी मुलगी. 'सर, तुमचं पुस्तक वाचलं,' असं म्हणतील. तुम्ही सवयीने 'धन्यवाद' म्हणाल. पण ते तेवढ्यावर फोन ठेवणार नाहीत. 'त्या सातव्या प्रकरणातली काकू घर सोडून जाते, ती पुढे परत येत नाही. तिचं काय झालं?' असं विचारतील.

घाबरू नका. आवाज खोल करा आणि सांगा की ते आपण मुद्दाम वाचकांवर सोडलं आहे. तरीही त्यांनी नेट लावलाच, तर 'सध्या दुसऱ्या पुस्तकाच्या प्रकाशनाच्या गडबडीत आहे' म्हणा. पत्ता विचारून घ्या. पत्रिका पाठवता येईल.