रेट सिंड्रोम: श्वास, हृदय आणि ‘घाबरवल्याचा’ आरोप

ताई,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रेट (मुख्यतः मुलींना होणारा जनुकीय आजार) हा मेंदूचा आजार, माझ्या लेखात मी त्यात हृदय ओढूनताणून आणलं, पोरी श्वास धरतात तो हट्ट, कारण झोपेत त्याच पोरी छान श्वास घेतात, आणि ‘दर चौथी मुलगी अचानक जाते’ असं लिहून मी आईबापांची झोप उडवली.

शेवटचं आधी. तसं मी लिहिलेलं नाही. या आजारात जे मृत्यू होतात, त्यांतले साधारण पाव अचानक होतात. मृत्यूंतले पाव आणि मुलींतल्या पाव यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चाळिशी ओलांडलेल्या रेटच्या बायका आहेत, हेही त्याच लेखात आहे.

झोपेत बहुतेकींचा श्वास बराच नियमित असतो, हे कबूल. पण तो हट्टाचा पुरावा कसा? जागेपणी हसणं, घाबरणं, उत्साह सगळं श्वासाच्या लयीत ढवळाढवळ करतं. रेटमध्ये बिघडतं ते एमईसीपी2 जनुक; ते बिघडलं की ब्रेनस्टेमला, म्हणजे श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या बुंध्याला, ती लय सावरता येत नाही. हे जनुक बंद केलेल्या उंदरांचाही श्वास असाच अडखळतो, आणि 2007 मध्ये एडिंबराला एड्रियन बर्ड यांच्या प्रयोगशाळेत ते पुन्हा चालू केल्यावर तो सुधारला. ते उंदीर कोणावर रुसले होते?

आमच्या लेकीचं सांगते. आधी भराभर श्वास, मग एकदम थांबा. हात तोंडापाशी चोळणं चालूच, नजर कुठेतरी लागलेली, ओठांवर निळसर झाक. बोटाला ऑक्सिमीटर टिकत नाही, म्हणून पायाच्या अंगठ्याला लावतो; आकडा उतरताना दिसतो. गिळलेल्या हवेने संध्याकाळपर्यंत पोट नगाऱ्यासारखं फुगतं. ही नजर लागणं फिट समजून औषध वाढवलं जातं, म्हणून शंका असेल तर व्हिडिओ-ईईजी (चित्रीकरणासोबत मेंदूतल्या विजेचा आलेख) करून घ्यावा.

आता हृदय. 2011 च्या एका अभ्यासात रेटच्या 379 जणींचे ईसीजी पाहिले; 18.5 टक्क्यांत क्यूटी (ईसीजीवर मोजला जाणारा एक कालावधी) लांबलेला निघाला. म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विजेच्या दृष्टीने पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो आणि त्या फटीत जीवघेणी लय सुरू होऊ शकते. त्याच अभ्यासात उंदरांच्या फक्त मज्जासंस्थेतून हे जनुक काढलं, तरी क्यूटी लांबला. तेव्हा ‘मेंदूचा आजार’ हे तुमचं बरोबरच आहे. म्हणूनच तर हृदय तपासायचं.

आणि औषधं! रेटच्या मुलींना उलटी, अ‍ॅसिडिटी, छातीत कफ नेहमीचंच. डॉमपेरिडोन, ऑनडॅनसेट्रॉन, अझिथ्रोमायसिन ही नावं आपल्या प्रत्येक घरातल्या डब्यात सापडतील, आणि तिन्ही क्यूटी लांबवू शकतात. क्यूटी ठाऊक असेल तर डॉक्टर दुसरं औषध निवडतात. इतकी साधी गोष्ट सांगणं म्हणजे घाबरवणं असेल, तर तो आरोप मला मान्य आहे.

तालुक्याच्या गावी हे कुठून जमायचं, असं तुम्ही विचारलंत. ईसीजी मशीन बहुतेक तालुक्यांत असतं. हात हलतात म्हणून पट्टी नीट निघत नाही. आईने मांडीवर घेऊन हात धरावेत, किंवा मुलगी पेंगुळलेली असताना काढावा. ‘नॉर्मल’ एवढ्या शेऱ्यावर उठू नका. क्यूटीसी (ठोक्यांच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी) किती मिलिसेकंद, ते डॉक्टरांकडून मोजून फाईलवर लिहून मागा, कारण मशीनने छापलेला आकडा चुकू शकतो. 450 च्या वर असेल तर हृदयविकारतज्ज्ञाला दाखवा, नसेल तर वर्षाने पुन्हा काढा.