‘२०३८ ची तारीख टाका, सकाळी फोल्डर उघडले की नास पास’: फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सांगली, मिरज, कुपवाडच्या ऑफिसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर नासबद्दल (नेटवर्कवरून सगळ्यांना फायली पुरवणारी डिस्कची पेटी) एक मेसेज फिरतो आहे. मजकूर साधारण असा: ‘वायटूके (सन २००० ची संगणकांतली तारखेची अडचण) हा बनाव होता, २०३८ पण तसाच. तुमचा नास ६४ बिट आहे, त्याला काही होत नाही. शंका असेल तर रात्री पॅनेलमध्ये २०३८ ची तारीख टाका. सकाळी फोल्डर उघडले की पास, मग तारीख परत आणा. इंटरनेटवरून वेळ घेणं चालू ठेवा म्हणजे झालं. टेस्टिंगचं बिल देऊ नका. तोवर पेटी राहतेय कुठे?’

बिलाचा मुद्दा निम्मा बरोबर आहे. बाकीचे नाहीत, आणि रात्री तारीख बदलण्याचा सल्ला तर सरळ नुकसान करणारा आहे. म्हणून क्रम मोडून आधी तोच घेऊ.

त्याआधी प्रश्न नेमका काय आहे ते दोन ओळींत. युनिक्स घराण्यातल्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. हा आकडा चिन्हासकट ३२ बिटांत ठेवला तर २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जात नाही. भारतीय वेळेनुसार ती मर्यादा मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी येते. पुढच्या सेकंदाला आकडा ऋण होतो आणि तारीख डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडते.

‘रात्री तारीख टाका, सकाळी बघा’

चालू नासवर तारीख पुढे टाकली की त्यातली प्रत्येक वस्तू एका क्षणात वर्षानुवर्षं जुनी होते. ‘३० दिवसांपेक्षा जुने स्नॅपशॉट (फायलींची त्या त्या क्षणाची जपलेली स्थिती) काढा’, ‘रिसायकल बिन दर १५ दिवसांनी रिकामी करा’ हे नियम रात्री ठरल्या वेळी चालतात आणि सांगितलेलं काम चोख करतात. स्नॅपशॉट दिवसांवर ठेवले असतील तर ते जातात; संख्येवर ठेवले असतील तर बहुधा वाचतात. सकाळी फोल्डर उघडतो, कारण मूळ फायली जागेवरच असतात. गेलेलं असतं ते मागे फिरायचं साधन, आणि ते रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) येईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. तारीख परत आणल्याने स्नॅपशॉट परत येत नाहीत.

दुसरी भानगड जास्त चिवट आहे. त्या रात्री ज्या फायली सेव्ह झाल्या त्यांच्यावर २०३८ चा शिक्का बसतो, आणि बॅकअप त्याच शिक्क्यासह दुसऱ्या डिस्कवर जातो. मग तारीख परत आणून तुम्ही ती एक्सेल फाइल उद्या बदलली, तर ‘नवीन असेल तरच कॉपी कर’ या पद्धतीने चालणारा बॅकअप म्हणतो, माझ्याकडची प्रत २०३८ ची आहे, तुझी जुनी. तो ती फाइल सोडून देतो, तीही एररशिवाय. खतावणीची फाइल अशी अडकली तर मार्चअखेरीला रिस्टोअर करताना कळेल.

शिवाय नास डोमेनला (ऑफिसची एकत्र लॉगिन व्यवस्था) जोडलेला असेल तर घड्याळात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की तिथली ओळख तपासणारी कर्बरॉस पद्धत लॉगिन नाकारते. मोबाइलवरचा ओटीपी जुळत नाही. नासला बाहेरच्या सर्व्हरची सर्टिफिकेटं मुदत संपल्यासारखी दिसतात. हे सगळं घड्याळ एकट्याचं पुढे गेल्यामुळे होतं, २०३८ मुळे नव्हे. म्हणजे ही टेस्ट चांगल्या पेटीला नापास करू शकते, आणि खराब पेटीला पास.

पास कशी, ते बघण्यासारखं आहे. लिनक्स (बहुतेक नास ज्यावर चालतात ती प्रणाली) फाइलची माहिती आधी मेमरीत ठेवतं आणि तिथे वेळ ६४ बिटांची असते. जुन्या धाटणीच्या फाइल सिस्टिमवर (डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत) ती डिस्कवर लिहिताना ३२ बिटांत कापली जाते. त्यामुळे फाइलला १ जानेवारी २०४० ची तारीख दिली की लगेच पाहिल्यावर २०४० च दिसतं. पेटी बंद करून चालू करा, तीच फाइल नोव्हेंबर १९०३ ची झालेली असते. कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.४ पासून पुढे अशा डिस्कवर तारीख मागे न जाता १९ जानेवारी २०३८ लाच अडकून बसते. पहिला दोष रीस्टार्ट न करता सापडत नाही, आणि मेसेजमध्ये रीस्टार्टचा शब्दही नाही.

मग टेस्ट करायची कशी? पहिली पायरी घड्याळाला हात न लावता करता येते. चालू पेटीवर ‘चाचणी’ नावाचा वेगळा शेअर करा, तो बॅकअप आणि सिंकमधून वगळा. त्यात चार-पाच फायली ठेवून लॅपटॉपवरून त्यांची ‘बदलल्याची तारीख’ १८ जानेवारी २०३८, २० जानेवारी २०३८ आणि १ जानेवारी २०४० करा. विंडोजवर पॉवरशेलमधून होतं, लिनक्सवर टच कमांडने. विंडोज शेअर आणि एनएफएस (लिनक्सकडचा तसाच शेअर) दोन्ही वापरत असाल तर दोन्हीकडून करा. संध्याकाळी पेटी नीट रीस्टार्ट करा आणि तारखा पुन्हा वाचा. ‘तयार केल्याची’ तारीख बरोबर आणि ‘बदलल्याची’ चूक असं दिसलं तर गोंधळू नका: सांबा (नासवरून विंडोज शेअर पुरवणारा प्रोग्रॅम) निर्मितीची वेळ वेगळ्या ठिकाणी ६४ बिटांत ठेवतं, म्हणून ती वाचते. दोष फाइल सिस्टिमचा आहे. काम झालं की फायली काढून टाका.

घड्याळ खरोखर पुढे नेण्याची टेस्ट फक्त सुट्या पेटीवर. तेच मॉडेल, तेच फर्मवेअर (पेटीचं आतलं सॉफ्टवेअर), रिकाम्या डिस्क, एक साधा स्विच आणि एक लॅपटॉप. इंटरनेटची केबल नाही, नाहीतर वेळेचा सर्व्हर सापडताच घड्याळ आज्ञाधारकपणे आजवर येतं. इंटरनेट वेळ आणि क्लाउड सिंक बंद. आधी २०-३० जीबी डेटा टाकून त्याचे शा-२५६ चेकसम (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा ठसा) लॅपटॉपवर लिहून ठेवा. स्नॅपशॉट दर ५ मिनिटांनी आणि एक बॅकअप टास्क ८:५० चा लावा. मग घड्याळ १९ जानेवारी २०३८, सकाळी ८:३५ ला ठेवा. थेट पलीकडे उडी मारू नका. ती वेळ ओलांडताना काय होतं हेच पाहायचं आहे. साडेआठ मिनिटांनी, म्हणजे ८:४३:३० च्या सुमारास, १० जीबीची एक फाइल कॉपीला लावा. एक गिगाबिटच्या लाइनवर तिला दीडेक मिनिट लागतं, म्हणजे ८:४४:०८ कॉपीच्या मधोमध येतं.

ओलांडल्यावर पाहायचं ते हे: कॉपी तुटली का, प्रोसेसर १०० टक्क्यांवर जाऊन बसला का (पुढची वेळ ‘भूतकाळात’ दिसली की काही शेड्यूलर टास्क थांबवतात, काही एकामागून एक सोडत राहतात), ८:४५ चा स्नॅपशॉट झाला का, ८:५० चा बॅकअप लागला का, लॉगमध्ये नोंदी कोणत्या तारखेच्या, नवा युजर बनवून लॉगिन होतं का. पॅनेलमध्ये वर्षाची यादी २०३७ ला संपत असेल तर टेस्ट तिथेच थांबली, आणि निकालही मिळाला.

यानंतर पॅनेलमधून बंद करा, वायर काढा, १० मिनिटांनी चालू करा. पुन्हा एकदा, या वेळी बंद न करता थेट प्लग काढून. दोन्ही का? बऱ्याच पेट्या आतल्या बॅटरीवरच्या घड्याळात वेळ लिहितात ती नीट बंद होतानाच. इंटरनेट वेळ चालू असेल तर लिनक्स दर ११ मिनिटांनी लिहितं, पण टेस्टमध्ये ती बंद आहे. घड्याळाची चिप वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवते, शतक सॉफ्टवेअर जोडतं. ते कोणतं जोडतं हे थंड पेटी चालू केल्यावरच कळतं. शेवटी चेकसम पुन्हा काढून जुळवा. टेस्ट संपली की पेटी फॅक्टरी रीसेट आणि डिस्क फॉरमॅट. त्या डिस्क तशाच कामाला लावू नका.

याच बैठकीत २९ फेब्रुवारी २०२८, १ मार्च २०२८ आणि ३१ डिसेंबर २०२८ (वर्षाचा ३६६ वा दिवस) हेही ओलांडून घ्या. ते २०३८ च्या कितीतरी आधी येणार आहेत. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूझीलंडमध्ये पेट्रोल पंपांवरची पेमेंट यंत्रं लीप दिवसामुळेच तासन्‌तास बंद पडली होती.

‘६४ बिट आहे, विषय संपला’

प्रोसेसर आणि त्यावरचं सॉफ्टवेअर ६४ बिट असणं म्हणजे कर्नल आणि त्यावरचे प्रोग्रॅम वेळ ६४ बिटांत धरतात, इतकंच. डिस्कवर काय लिहिलं जातं ते फाइल सिस्टिम ठरवते. ईएक्सटी३ २०३८ ला संपते. ईएक्सटी४ चं उत्तर आयनोडच्या आकारावर आहे: प्रत्येक फाइलची कुंडली ज्या नोंदीत असते ती २५६ बाइटची असेल तर २४४६ पर्यंत निवांत, १२८ बाइटची असेल तर २०३८. एक्सएफएसमध्ये ‘बिगटाइम’ ही सोय चालू असल्यास २४८६, नसल्यास २०३८. ही सोय कर्नल ५.१० मध्ये आली. बीटीआरएफएस आणि झेडएफएस ६४ बिट वापरतात, त्यांची काळजी नाही. पेटीला जोडलेली यूएसबी डिस्क एनटीएफएस असेल तर ठीक, फॅट किंवा एक्सफॅट असेल तर २१०७ पर्यंत.

एसएसएच (पेटीला लॅपटॉपवरून कमांड देण्याची सोय) चालू करता येत असेल तर हे दहा मिनिटांत दिसतं. ईएक्सटी४ साठी ट्यूनटूएफएस कमांडच्या यादीत ‘आयनोड साइज’ची ओळ, एक्सएफएससाठी एक्सएफएस-इन्फो कमांडमध्ये ‘बिगटाइम’ पुढे १ की ०. कर्नल ५.४ किंवा नवा असेल तर माउंट होतानाच तो लॉगमध्ये लिहितो की ही फाइल सिस्टिम २०३८ पर्यंतच चालेल.

इथे सांगलीकरांनी थांबून विचार करावा. २०१९ किंवा २०२१ च्या महापुरानंतर ज्यांनी वाचलेल्या डिस्क काढून नव्या पेटीत बसवल्या, त्यांची पेटी नवी आणि ६४ बिट, पण फाइल सिस्टिम जुनीच. डिस्क हलवल्याने आयनोड वाढत नाही. ट्यूनटूएफएसने १२८ चं २५६ करता येतं, पण फ्लेक्स-बीजी ही ईएक्सटी४ ची सोय चालू असलेल्या डिस्कवर ते होतच नाही आणि इतरत्रही डेटा पणाला लावण्यासारखं आहे. सरळ मार्ग: नव्या डिस्क नव्याने फॉरमॅट करून डेटा कॉपी करणं. एक्सएफएसची पाचवी आवृत्ती असेल तर मात्र बंद अवस्थेत एका कमांडने बिगटाइम चालू करता येतं.

‘सगळे नास ६४ बिट’ हेही खरं नाही. दोन डिस्कच्या स्वस्त पेट्यांत अनेक वर्षं ३२ बिट एआरएम प्रोसेसर येत होते. अशा पेटीला कर्नल किमान ५.६ आणि त्यावरचे प्रोग्रॅम ६४ बिट वेळेने पुन्हा बांधलेले हवेत. जीलिबसीमध्ये (लिनक्सचे प्रोग्रॅम ज्यावर उभे असतात ती मूळ लायब्ररी) ती सोय २.३४ पासून, म्हणजे २०२१ पासून आहे. फर्मवेअर अपडेट बंद झालेल्या जुन्या पेटीत हे होणार नाही. तिला टेस्टही नको, निवृत्ती द्या.

‘वायटूके बनाव होता’

१ जानेवारी २००० शांत गेला, कारण आधीची काही वर्षं लोकांनी कोड उघडून दुरुस्त केला. त्यात आपल्याकडचे इंजिनिअरही होते. तरी जिथे राहून गेलं तिथे भोवलं. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या प्रयोगशाळेत वयाचा हिशेब चुकून दीडशेहून अधिक गर्भवतींना डाउन सिंड्रोमच्या जोखमीचा चुकीचा निकाल गेला. आणि ३२ बिटांची मर्यादा काल्पनिक वाटत असेल तर १ जानेवारी २०२२ आठवा: मायक्रोसॉफ्ट एक्सचेंज या मेल सर्व्हरने तारखेचा आकडा २२०१०१०००१ असा बनवला, तो वर दिलेल्या मर्यादेपेक्षा मोठा निघाला आणि जगभर मेल रांगेत अडकले.

‘तोवर पेटी राहतेय कुठे’ आणि ‘इंटरनेट वेळ चालू ठेवा’

पेटी नसेल राहिली, पण हिशेब आजच २०३८ ओलांडतात. पतसंस्थेने आज १५ वर्षांचं तारण कर्ज दिलं तर शेवटचा हप्ता २०३८ च्या पलीकडे आहे. नासवर चालणाऱ्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये ती तारीख ‘टाइमस्टॅम्प’ प्रकारात ठेवायला गेलात तर ती आजच तिथे बसणार नाही. ‘डेटटाइम’ असेल तर चालेल. २००६ च्या मे महिन्यात एओएलसर्व्हर (वेबसाइट चालवणारं सॉफ्टवेअर) असाच पडला होता: ‘कधीच संपू नये’ म्हणून १०० कोटी सेकंदांची मुदत दिली होती, आणि त्या महिन्यात ती मुदत २०३८ पलीकडे गेली.

इंटरनेट वेळ हवीच, पण ती ज्या पद्धतीने येते त्या एनटीपीचा स्वतःचा आकडा त्याआधीच, ७ फेब्रुवारी २०३६ रोजी आपल्या सकाळी ११:५८:१६ ला शून्यावर येतो. चांगली सॉफ्टवेअर तो नीट हाताळतात. त्यासाठी पेटीचं घड्याळ मुळात साधारण बरोबर असावं लागतं. म्हणून बॅटरी. वीज जाऊन आल्यावर नास १९७० किंवा २००० दाखवत असेल तर ती संपली आहे. बहुतेक बोर्डांवर सीआर२०३२ असते. मल्टिमीटरवर नवी ३ व्होल्टच्या वर दाखवते, २.८ च्या खाली गेली असेल तर बदला. मागे गेलेल्या घड्याळामुळे चालू होताना ‘सुपरब्लॉक (फाइल सिस्टिमची मुख्य नोंद) भविष्यातला आहे’ अशी तक्रार करून ईएक्सटी४ ची तपासणीही सुरू होते, आणि लोक डिस्क खराब समजून दुकान गाठतात.

‘बिल देऊ नका’

बीटीआरएफएस किंवा २५६ बाइट आयनोडचं ईएक्सटी४, ६४ बिट पेटी, फर्मवेअर चालू: इथे वरची फायलींची टेस्ट स्वतः करा, कोणाला पैसे देऊ नका. मिरजेच्या दवाखान्यांत एक्स-रे, सीटीचा साठा असतो, तिथे मात्र सुट्या पेटीवरची पूर्ण टेस्ट करून घ्यावी. डायकॉम (एक्स-रे, सीटी साठवण्याचा प्रकार) फाइलमधली तारीख आठ आकडी असते, ती सुरक्षित आहे. पण जुना साठा काढायचा नियम बहुतेकदा फाइल सिस्टिमची तारीख बघून चालतो, आणि १९०१ ची फाइल त्या नियमाला सगळ्यात जुनी वाटते. बिलासोबत मॉडेल, फर्मवेअर आणि कर्नलची आवृत्ती, फाइल सिस्टिम आणि आयनोडचा आकार, रीस्टार्टच्या आधीच्या व नंतरच्या तारखांची यादी आणि बॅटरीचा व्होल्टेज लेखी मागा. ‘चेक केलं, ओके’ एवढ्यावर पैसे सोडू नका.