‘खेळाडू म्हणजे टेबलाभोवतीची माणसं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नौपाडाकर,

नोमिक या खेळात (ज्यात नियम बदलायचे ठराव मांडणं हीच खेळी) ‘खेळाडू’ कोण, हे नियमातच लिहून ठेवा, असा माझा लेख होता. त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेला हे उत्तर. आधी चूक कबूल करतो. ठराव मंजूर व्हायला एकमत लागतं ही अट मी नियम 202 मध्ये आहे असं लिहिलं होतं. ती 203 मध्ये आहे. लेखात दुरुस्त केलंय, आभार.

आता तुमचं ते वाक्य : “खेळाडू म्हणजे टेबलाभोवती बसलेली माणसं, हे शेंबड्या पोरालाही कळतं, त्यावर अख्खा लेख म्हणजे पोरखेळ.” असहमत असा, पण शेंबडं पोर मध्ये आणायची गरज नव्हती. बारा वर्षं ठाण्यात हा खेळ चालवतोय, ‘एवढं तर कळतंच’ म्हणणारे पहिल्यांदा तुम्हीच भेटलात असं नाही.

पीटर सबर यांचा हा खेळ 1982 मध्ये छापून आला. मूळ नियम 29 : 101 ते 116 अपरिवर्तनीय, 201 ते 213 परिवर्तनीय. 105 म्हणतो, प्रत्येक खेळाडू मतदार. 207 म्हणतो, प्रत्येकाला एकच मत. खेळाडू कोणाला म्हणायचं यावर मात्र चकार शब्द नाही. वर 116 : ज्याला नियमाने मनाई नाही, ते चालतं. तुमचं टेबल यात कुठे आहे, दाखवा.

पाच जण बसलेत असं धरा. दोन फेऱ्या झाल्या की 203 आपोआप एकमतावरून साध्या बहुमतावर येतो, म्हणजे तीन मतं पुरतात. कोणीतरी ‘गटही खेळाडू होऊ शकतो’ असा ठराव तीन विरुद्ध दोनने काढतो आणि दोन कागदी मंडळं उभी करतो, दोन्हींचा सचिव स्वतःच. आता मतं सात, बहुमत चारचं, आणि तीन याच्या एकट्याच्या खिशात. एक माणूस फोडला की झालं. शिवाय 204 प्रमाणे, मंजूर ठरावाच्या विरोधात मत देणाऱ्याला 10 गुण. असे दहा ठराव पास झाले की मंडळाचे 100, आणि 208 नुसार मंडळ जिंकलं! एरवी गुण फासा टाकून मिळतात, तेही एका डावाला सरासरी साडेतीनच, हेही लक्षात घ्या.

अगोरा नावाचा नोमिक 1993 पासून ईमेलवर चालू आहे. तिथे टेबल नाहीच. एके काळी तिथे भागीदारीचे करारही व्यक्ती ठरले होते.

“सोसायटीच्या सभेत कोण व्याख्या विचारतं?” असंही तुम्ही लिहिलंत. विचारतात हो, घोडबंदर रोडच्या कुठल्याही सभेत जाऊन बसा. 1960 च्या सहकारी संस्था कायद्याचं कलम 27 एका सभासदाला एकच मत देतं. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असला तरी मत एकच. आणि 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टात कंपनीही ‘व्यक्ती’ आहे. सामान्य बुद्धीवर भागलं असतं तर हे लिहावं लागलं नसतं.

म्हणून पहिल्या फेरीतच, एकमत लागतंय तोवर, ठराव 301 टाकायचा : “व्यक्ती म्हणजे स्वतः विचार करून स्वतःचं मत कळवू शकणारा जिवंत माणूस. व्यक्तीच खेळाडू होऊ शकते.” दुसरं वाक्य विसरलात तर पहिलं शोभेला, कारण 105 ‘खेळाडू’ म्हणतो, ‘व्यक्ती’ नाही. पुढच्या डावात 301 अपरिवर्तनीय करून घ्या. मग तो पुन्हा परिवर्तनीय करायला केव्हाही एकमतच लागतं, आणि तुम्ही विरोधात असलात तर ते मिळायचं नाही. ‘हजर असेल तोच’ असं मात्र चुकूनही लिहू नका. कोणी चहा आणायला उठला की तो खेळाडू राहत नाही, आणि तेवढ्यात मतदान उरकतं.

खेळ मध्येच सोडून गेलेल्याच्या गुणांचं काय, हाही तुमचा प्रश्न होता. त्यात विशेष काही नाही. भाषा जड वाटली, तर सावकाश वाचा.

‘पोरखेळ’ हा शब्द तुमच्या प्रतिक्रियेतून काढलेला नाही.