'दुःखाला ठेका शोभत नाही' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार. मिशेल झॉनर या कोरियन-अमेरिकन गायिकेचा बँड जॅपनीज ब्रेकफास्ट, त्याच्या 'सायकोपॉम्प' (2016) या अल्बमवरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देते. तुमचं म्हणणं असं, की आई गेल्याच्या दुःखाचा अल्बम म्हणून मी तो ऐकायला सांगितला आणि निघाली पाय थिरकवणारी पॉप गाणी. त्यात मध्येच शृंगार. वर आईचा फोटो मुखपृष्ठावर, आईचा आवाज गाण्यात. 'हा दुःखाचा बाजार आहे,' असं तुम्ही लिहिलंत.

शृंगार कुठून आला, ते आधी सांगते. मिशेल तेव्हा फिलाडेल्फियात एका बँडमध्ये गात होती. 2014 मध्ये आईला कॅन्सर झाल्याचं कळलं तशी ती ऑरेगनमधल्या युजीनला, आईवडिलांच्या घरी परतली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिचं लग्न झालं. आईच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून घाईनं केलेलं लग्न. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत आई गेली. आजारी माणूस असताना कार्य उरकून घेतलेली घरं तुमच्याही पाहण्यात असतील. तिथे हळद आणि सुतक यांच्यात श्वास घ्यायलाही फट उरत नाही. अशा घरातल्या मुलीनं प्रेमाची गाणी एका बाजूला आणि रडण्याची दुसऱ्या बाजूला ठेवावीत, ही अपेक्षाच मला कळत नाही. 'रगेड कंट्री' पुन्हा एकदा ऐका. त्यात ती आईचं मरण लग्नाच्या अंगठीसारखं बोटात घालून वावरते, आणि त्यानं हात जड झाला म्हणते. नवऱ्याची अंगठी आणि आईचं जाणं, दोन्ही एकाच हातावर. सगळा अल्बम या एका ओळीत आहे.

आता ठेक्याबद्दल. पहिलंच गाणं, 'इन हेवन'. घरातली कुत्री गोंधळून दिवसभर येरझाऱ्या घालते, रिकाम्या खोलीत हुंगत राहते. आई कुठे गेली हे तिला कुणी समजावून सांगायचं? आणि या शब्दांखाली ड्रम्स जोरात, सिंथेसायझर लख्ख, मिशेलचा आवाज चढत चढत जवळजवळ फाटायला आलेला. हेच शब्द नुसत्या गिटारवर कुजबुजले असते तर ऐकणाऱ्यानं हळहळून मान हलवली असती. इथे हळहळायला उसंतच मिळत नाही. मरणानंतरच्या पहिल्या दिवसांत घरात जी धावपळ असते, फोन, माणसं, आवराआवर, ती मला त्या गोंगाटात ऐकू येते.

'आपल्या परंपरेत शोक असा नाचवत नाहीत,' असंही तुम्ही म्हणालात. जात्यावरच्या ओव्यांचं काय मग? गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी गावोगावच्या बायांकडून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. आई गेल्यावर माहेर कसं परकं होतं, हे त्यांत कितीतरी जणींनी गायलंय. भावाच्या कौतुकाची ओवी जात्याच्या ज्या फेऱ्यावर, त्याच फेऱ्यावर आईच्या मरणाची. दुःख झालं म्हणून दळण थांबत नाही, की त्याची लयही बदलत नाही.

तुमची प्रतिक्रिया वाचताना एका गोष्टीपाशी मात्र मी अडखळले. 'एव्हरीबडी वॉन्ट्स टू लव्ह यू' हे चौथं गाणं तुम्हाला सगळ्यात उथळ वाटलं, आणि 'त्यानंतरचा बिनगाण्याचा तुकडा पुढे ढकलला' असं तुम्ही लिहिलंय. अहो, तो तुकडा म्हणजेच 'सायकोपॉम्प'! अल्बमला नाव त्याचं आहे; शब्दाचा अर्थ, मेलेल्यांच्या आत्म्याला वाट दाखवणारा. जेमतेम दोन मिनिटांचं ते धावतं प्रेमगीत संपतं, मागे नुसता सुरांचा थर उरतो आणि त्यातून आई कोरियन भाषेत बोलते. भाषा येत नसली तरी लेकीची समजूत घालणारा आवाज कळतो. चौथं गाणं एवढं हलकं नसतं तर हा आवाज एवढा लागला नसता. दोन्ही एका दमात ऐकायची आहेत. शफलवर तर मुळीच नको.

राहिला बाजार. हा अल्बम एका छोट्या रेकॉर्ड कंपनीनं काढला, जेमतेम 25 मिनिटांचा. पुढे मिशेलला नाव मिळालं, 2021 साली तिचं 'क्राइंग इन एच मार्ट' हे आठवणींचं पुस्तक गाजलं, हे खरं. पण नंतरच्या यशावरून आधीचा हेतू ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. मुखपृष्ठावरचा फोटोही नीट पाहा. त्यात आजारी, केविलवाणी बाई नाही. तरुण आई कॅमेऱ्याकडे हात पुढे करते आहे. दया मिळवायची असती तर हॉस्पिटलमधल्या आठवणी हाताशी होत्याच.

चौथ्या गाण्याचा व्हिडिओ यूट्यूबवर आहे. त्यात मिशेलनं आईचा लग्नातला हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, घातलाय. त्याच वेषात ती दारू पिते, मोटरसायकलवर बसते, गिटार वाजवते. कुणी असा पोशाख कपाटात घडी घालून जपतं, तिनं तो अंगावर घालून रात्रभर हिंडवला. मला त्यात आईचा अपमान कुठेच दिसत नाही. तुम्हाला दिसला, तर नेमका कुठे, ते व्हिडिओ पाहून जरूर लिहा. त्यावर मला तुमच्याशी आणखी बोलायचंय.