दोन काटे आणि मी

पाण्याला ६० अंश सेल्सिअस हवे असतात आणि तेलाला १००, आणि दोघांचा मुक्काम एकाच इंजिनात असतो, हे कळले त्या दिवसापासून मी बोटीतून लाटा पाहणे सोडले. एका खोलीत पंखा लावणारा आणि पांघरूण ओढणारा असे दोघे राहावेत, तसा हा संसार आहे, आणि तो सुरळीत चालला आहे की नाही हे डॅशबोर्डावरच्या दोन काट्यांवरून ओळखण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

मोटारीचे इंजिन या बाबतीत भाग्यवान असते. त्यातील कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, बंद नळ्यांतून दाबाखाली फिरतो आणि ९० अंशांच्या आसपास सुखाने नांदतो. अनेक बोटी मात्र बाहेरचेच पाणी आत ओढतात आणि काम झाले की बाहेर टाकतात. ते पाणी समुद्राचे असेल, तर फार तापल्यावर त्यातील क्षार आतल्या वाटांवर थर धरू लागतात, म्हणून अशा इंजिनांत थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला उघडणारी झडप, बहुधा ६० अंशांचा असतो. अधिक ताकदीच्या काही इंजिनांत तोही काढून टाकतात आणि पाणी ४०-५० अंशांवरच घुटमळते. ऐकायला हे फार आरोग्यदायी वाटते. परंतु थंड सिलिंडरात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते भिंतींवरचा तेलाचा पातळ थर धुऊन काढते आणि खाली ऑइल पॅनमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, जाऊन तेलात मिसळते.

तेलाचा स्वभाव याहून चिकित्सक. ८० अंशांच्या खाली ते दाट राहते आणि आलेला ओलावा व पेट्रोल पोटात साठवते. शंभरीच्या आसपास काही काळ राहिले तर ती घाण वाफ होऊन निघून जाते. १३० च्या पुढे तेच तेल पातळ होते, लवकर जुने होते आणि बेअरिंगांची काळजी घेण्यातून अंग काढून घेते. त्यातच ऑइल कूलरमध्ये थंडगार पाणी शिरत असल्यामुळे तेल गरजेपेक्षा अधिक निवते. मग तेलासाठी वेगळा थर्मोस्टॅट बसवावा लागतो, म्हणजे काळजी करण्यासारखी आणखी एक वस्तू वाढते.

सल्ला मागावा, तर प्रत्येक जाणकार वेगळा आकडा सांगतो, आणि गंमत म्हणजे बहुतेकांचे बरोबर असते. एकाचा सेन्सर ऑइल पॅनमध्ये असतो, दुसऱ्याचा कूलरनंतरच्या नळीत. तेल तेच, आकडे निराळे. त्यामुळे आकड्यावरून वाद घालण्याआधी सेन्सरचा पत्ता विचारावा, असे माझे ठाम मत झाले आहे. एकदा पाहुण्यांनी "आता किती?" असे विचारले आणि मी अभिमानाने "९८" म्हणालो, त्यांनी दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला. तो तेलाचा आकडा होता, हे सांगितल्यावर त्यांची निराशा लपली नाही.

खरी परीक्षा धक्क्याला लागल्यावर होते. वेगात आलेले इंजिन एकदम बंद केले की पाण्याचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या धातूची उष्णता आत उरलेल्या पाण्यात उतरते. म्हणून सगळे सामान घेऊन उभे असताना मी इंजिन मंद गतीवर चालू ठेवून बसतो, आणि अखेर किल्ली फिरवतो तेव्हा वीज तुटल्यामुळे दोन्ही काटे निवांत खाली येतात, नेमके आतले तापमान चढत असते त्याच वेळी.