साडेनऊ तासांचा हिशेब

मुंबईला फोन केला की मावशी हमखास म्हणते, "लंडन आता काय लांब राहिलंय? जेवून विमानात बसलं की सकाळी तिथं." मला ते खरं मानायला आवडतं. अंतर साधारण 7,200 किलोमीटर. मी राहतो त्या लंडनला येताना साडेनऊ-दहा तास लागतात. जाताना पश्चिमेकडचे जोरदार वारे पाठीशी असतात, त्यामुळे तासभर तरी वाचतो. 8 जून 1948 ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान हेच अंतर कैरो आणि जिनिव्हाला थांबत कापायला निघालं होतं. किलोमीटर तेव्हाही एवढेच होते, कमी झाले ते तास.

पण कमी झालेले तास पुन्हा वाढूही शकतात, हे एप्रिल 2025 नंतर दिसलं. पहलगामनंतर पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, मग भारतानेही त्यांच्या विमानांना केलं. आणि ही बंदी महिन्यामहिन्याने वाढत गेली. आमच्या घरच्या ग्रुपवर तेव्हा एकच सूर होता: बंदच राहू दे, झळ त्यांना बसू दे. तो राग मला परका नाही. पहलगामला मारल्या गेलेल्या 26 जणांत महाराष्ट्रातले सहा जण होते.

तरीही इथे राहून या वादाकडे बघताना एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. बंदी विमान कुठल्या देशाचं यावर ठरते, प्रवासी कुठला यावर नाही. दिल्लीहून लंडनला निघालेलं ब्रिटिश विमान पाकिस्तानवरून सरळ येऊ शकतं, भारतीय विमान मात्र दक्षिणेकडून वळसा घेतं. मुंबईकरांना निदान अरबी समुद्रावरची वाट आहे, दिल्लीकरांचा फेरा मोठा. जादा इंधन आपलं जळतं, जादा तास आपली माणसं बसून काढतात. टीव्हीवरच्या चर्चेत कोणाचे किती कोटी बुडाले एवढंच मोजलं जातं.

क्षेपणास्त्रं उडत असताना आकाश बंद हवंच. जून 2025 मध्ये इराणचं आकाश अचानक बंद झालं आणि निघालेली विमानं अर्ध्या वाटेतून परतली, ते योग्यच झालं. पण गोळीबार थांबल्यावरही महिनोन्महिने मुदत वाढवत राहणं, हे मला पटत नाही. नागरी विमानांचा प्रश्न बाकीच्या भांडणातून वेगळा काढून भारताने आपणहून बोलणी सुरू करावीत, असं माझं ठाम मत आहे. घरी हे बोललं की "तुला तिकडे बसून काय जातंय?" असं ऐकावं लागतं.

काय जातं ते सांगतो. बाबांना अतिदक्षता विभागात हलवल्याचा फोन आला, तेव्हा माझ्या दारापासून त्यांच्या खाटेपर्यंत 17 तास लागले. त्यातले फक्त नऊ विमानातले. मी पोचलो तेव्हा ते शुद्धीवर होते, त्यांनी माझा हात धरला. संध्याकाळनंतर ते बोलले नाहीत.